मांडवातली मोकळी खुर्ची

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची! कोरेगावहून सकाळची गाडी धरली होती. ड्रायव्हरने कळंबोलीला हायवेवर उतरवलं. आजूबाजूला सगळे लोखंडी कांबी लादलेले ट्रक, आणि मधोमध मी, दोन बॅगा आणि आईने जबरदस्तीने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. नवी मुंबई म्हणजे काहीतरी चकाचक असेल अशी माझी समजूत होती. एका क्लीनरने विचारलं, मॅडम, पुणे का? म्हटलं, पुणेच करायचं असतं तर इथे कशाला तडफडले असते?

नंदूदादा स्वतः गाडी घेऊन आले. नंदूदादा म्हणजे नंदकुमार, माझे नवे मालक. पक्के आगरी, करावे गावचे. सीवूड्सच्या मॉलपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर त्यांचं दुमजली घर आहे. खाली लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ, वर मला खोली. खिडकीतून खाडी दिसते! भाडं नाही. त्यांचा आधीचा एडिटर केतन कॅनडाला पळाला आणि तुळशीची लग्नं लागून सीझन तर सुरू झालाय, म्हणून माझी एवढी बडदास्त. मशीन एकदम फिट हाय, नुसता बसायचा नि सुरू करायचा, असं दादांनी तीन वेळा सांगितलं. माणूस एकच गोष्ट तीनदा सांगायला लागला की मला शंका येते.

संध्याकाळी अप्पांचा फोन. अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर होऊन आईला छळतात. पहिला प्रश्न, पोहोचल्याचा फोन करायला तिकीट लागतं का? दुसरा, समुद्र दिसतो का? खाडी दिसते म्हटल्यावर म्हणाले, खाडी तर खाडी, सुरुवात बरी आहे, अस्मे. फोन ठेवल्यावर उगीचच डोळ्यांत पाणी आलं. पण मी खूश आहे. खरंच खूश आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

म्हटलं नव्हतं?

मशीन फिट वगैरे काही नाही. ते हॅकिंटॉश आहे. म्हणजे मॅकची सिस्टीम खरं तर मॅकवरच चालते, पण मॅक महाग, म्हणून काही उपद्व्यापी लोक साध्या पीसीला मॅकचं सोंग घ्यायला लावतात. अधिकृत काही नाही, बिघडलं तर दाद ना फिर्याद. केतनने ते बांधलं आणि स्टुडिओची सगळी कामं त्याच्यावरच केली, त्यामुळे आता ते सोडताही येत नाही. जुनं ग्राफिक्स कार्ड दिवाळीत जळलं. दादांनी नवं आणून बसवलं, स्क्रू आवळले, झालं काम. नुसतं कार्ड असून भागत नाही, त्याला ओळखणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, सिस्टीममध्ये असावा लागतो, हे त्यांच्या गावीही नाही.

परिणाम असा की एवढं मोठं दोन पंख्यांचं कार्ड आत बसलंय आणि सिस्टीम त्याला ओळखच दाखवत नाही. ग्राफिक्सची मेमरी म्हणे सात एमबी! अहो, सात एमबीत माझ्या फोनमधला एक फोटो मावत नाही. खिडक्या ओढल्या की मागे शेपटी उमटते. दिवसभर केबल बदलल्या, मदरबोर्डवरचं साधं ग्राफिक्स बंद करून पाहिलं, सुरू करून पाहिलं. केतनला मेसेज टाकला. महाशयांनी वाचला आणि गप्प बसले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज कळलं की दादांना एवढी घाई का आहे. सोळा तारखेला गावातल्या ईश्वरी नावाच्या मुलीची हळद आहे. तिचे वडील गेल्या वर्षी वारले. तिला मोठ्या एलईडी पडद्यावर वडिलांचा आशीर्वाद हवाय. हल्ली हे फार निघालंय. गेलेल्या माणसाचा फोटो द्यायचा, मशीन त्याला चालवतं, हसवतं. आमच्या स्टुडिओत त्याचा ठरलेला साचा आहे. सजवलेला मांडव, आत रांगेने खुर्च्या, गेलेला माणूस दारातून येतो, मोकळ्या खुर्चीत बसतो आणि हात वर करून आशीर्वाद देतो. लोक ढसाढसा रडतात. हौसेला मोल नाही म्हणतात, तसं रडण्यालाही नसावं.

त्याला जे गाणं लावलंय ते मात्र अस्सल आहे. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते, लग्न लावणारी बाई. ती गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावते. नंदूदादांची सखूआत्या गावातली जुनी धवलारीण. तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवलाय. अंगावर काटा आला ऐकताना. गाण्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात बोलावणं, दुसऱ्यात पाठवणी, म्हणजे आलात, बसलात, पानसुपारी घेतलीत, आता आपापल्या ठिकाणी जा. दुसरा भाग लांबलचक आहे. मशीनच्या टेस्टसाठी एवढं कशाला, म्हणून मी पाठवणीचा भाग कापून टाकला. बोलावणं तेवढं ठेवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

ईश्वरीकडून फोटो अजून आलेला नाही. ड्रायव्हर नीट झाला की नाही ते बघायला एखादा स्पष्ट चेहरा तर हवा. फोनमध्ये दसऱ्याला काढलेला अप्पांचा फोटो होता. पांढरी टोपी, तलवारकट मिशा, मिशीचा केस न केस दिसतोय. टेस्टला याहून चांगलं काय? टाकला.

आईला कळलं तर उलथन्याने मारेल. जित्या माणसाच्या फोटोला हार नाही घालायचा, त्याला गेलेल्यांच्या रांगेत नाही लावायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हा काही हार नव्हे. दोन मिनिटांची टेस्ट, मग डिलीट.

दुपारी रेंडर लावला, म्हणजे मशीनला चित्र तयार करायला बसवलं. कार्ड काम करत नसल्यामुळे ते मुंगीच्या पावलांनी चाललंय. जेवढं झालं ते पाहिलं तर अप्पा मांडवाच्या दारात उभे, पण डाव्या बाजूचा अर्धा चेहरा आणि डावा हात काळा. तिथे चौकोनी ठिगळं. ड्रायव्हर नसला की असं होतं. खुर्च्यांवरही काळे डाग आलेत. माणूस बसावा तेवढ्या उंचीचे.

दोनतीनदा रीस्टार्ट केलं. मजा म्हणजे मशीन सुरू झालं की रेंडर आपणहून पुढे चालू होतो. मी असं काही सेट केलेलं नाही. थांबवायचं बटण दाबलं तर दबतच नाही. डोक्याला ताप आहे नुसता.

१० नोव्हेंबर, सोमवार

आईचा फोन आला. अप्पांची डावी बाजू शनिवारी दुपारी बधिर झाली. तोंड वाकडं, हात उचलत नाही. साताऱ्याला नेलं, डोक्याचा फोटो काढला, डॉक्टर म्हणाले काहीच नाही, मेंदू तरण्या पोरासारखा आहे. घरी पाठवलं. मधूनच बेशुद्ध पडतात, मिनिटभराने आपणच उठतात. शनिवारी दोनतीनदा झालं, आज सकाळी एकदा.

मी निघते म्हटलं. आईने अप्पांना फोन दिला. ते अर्ध्या तोंडाने बोलले, ऐकवत नव्हतं. म्हणाले, नव्या नोकरीत आठवड्यात रजा मागतात का, भवाने? काम सोडून आलीस तर घरात घेणार नाही. मी हसले आणि फोन ठेवून रडले.

आज सकाळी मी मशीन एकदा रीस्टार्ट केलं होतं. शनिवारी दोनतीनदा.

छे. काहीतरीच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काहीतरीच नाही.

मला मनातून ते काढून टाकायचं होतं, एवढंच. दुपारी आईला फोन लावला, अप्पा काय करतायत विचारलं. खाटेवर बसून चहा पितायत म्हणाली. मी फोन कानाला धरून रीस्टार्ट दाबलं. पडदा काळा झाला. तिकडे कप फुटल्याचा आवाज, आणि आई किंचाळली. अहो, अहो, करत राहिली. इकडे मशीनच्या पांढऱ्या ओळी पडद्यावर सरकायला लागल्या. मला आयुष्यात एवढा वेळ कधी लागल्यासारखा वाटला नाही. मांडव दिसला. अप्पा दारात दिसले, अर्धे. तिकडून आई म्हणाली, उघडले गं, डोळे उघडले.

मी हे केलंय. माझ्या बापाला मी या डबड्यात घातलंय.

मशीन बंद करायचं नाही. दादांना सांगितलं, कोणी हात लावायचा नाही. लाईट गेली तर म्हणून दुसरा यूपीएस मागवला. ते म्हणाले, एवढा टेन्शन कसला गो? मी ओरडले त्यांच्यावर. मग सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. उद्या आत्याकडे जाऊ म्हणाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सखूआत्या गावात मारुतीच्या देवळामागे राहते. ओटीवर बोंबील निवडत होती. तिला कॉम्प्युटरचं काही कळत नाही आणि ऐकूनही घ्यायचं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, बोलावणं पूर्ण वाजवलंस का? हो म्हटलं. पाठवणी? कापली म्हटलं. तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

म्हणाली, बोलावलेल्याला पाठवायला लागतं, नायतर तो बसून ऱ्हातो. मग गेलेले आले नि बसलेत, आन तुझ्या बापाची वाट बघतात. मी म्हटलं, मग आता पाठवणी लावते ना! जाऊदेत सगळे. तर म्हणाली, लाव की. गेलेले जातील आपल्या ठिकानी. जिता मानूस त्यांच्या पंगतीत बोलावलास, तो पन त्यांच्याबरूबर जाईल. त्याला दुसरा ठिकाना कुठं दिलास?

मी तिचे पाय धरले. तिने पाय ओढून घेतले आणि तिलाही रडू आलं. मना नाय म्हाईत गो पोरी, म्हणाली, माझ्या गान्यात जित्याला कोनी बसवला नव्हता आजपावेतो.

परत आल्यावर पाहिलं. काळे डाग आता डाग राहिलेले नाहीत. त्यांना खांदे आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

निदान अप्पांचा अर्धा देह तरी परत मिळावा. त्यासाठी ड्रायव्हर नीट लागायला हवा. आता एकच उपाय उरला होता, खोटी ओळख. या कार्डाचा ड्रायव्हर सिस्टीममध्ये नाही, पण याच्या थोरल्या भावंडाचा आहे. तेव्हा सुरू होतानाच सिस्टीमला सांगायचं की हे कार्ड म्हणजे तोच थोरला. नंबर त्याचा द्यायचा. सिस्टीम खात्री करत नाही, दिलेल्या नावावर विश्वास ठेवते. हे काम करणारे सगळे हेच करतात.

पण त्यासाठी रीस्टार्ट लागतो. आईला सांगितलं, अप्पांना आडवं कर, उशी दे, जवळ बस. का ते सांगितलं नाही. बटण दाबलं.

ओळी सरकल्या आणि मध्येच थांबल्या. काळा पडदा. काहीच नाही. फोनवर आई हाका मारतेय, अप्पांच्या नाकाशी हात धरून बघतेय, श्वास लागत नाही म्हणतेय. मी आकडे पुन्हा पाहिले, एक आकडा उलटा टाकला होता मी गाढवीने. यूएसबीवरून सुरू केलं, आकडा सुधारला, पुन्हा सुरू. देवाची नावं घेतली, शिव्याही घातल्या.

लागला! ड्रायव्हर लागला. मेमरी पूर्ण दाखवतोय. अप्पांचा चेहरा पूर्ण, डावा हात पूर्ण, मिशा तशाच्या तशा. आणि फोनवर अप्पा स्वच्छ आवाजात म्हणाले, कोण बोंबलतंय एवढं? आई हसत होती, रडत होती. हात उचलून दाखवला म्हणे.

मग मी खुर्च्यांकडे पाहिलं. इतके दिवस मला वाटायचं की ड्रायव्हर बिघडलाय म्हणून तिथे काहीतरी दिसतं. आता ड्रायव्हर नीट झालाय आणि ते नीट दिसतायत. बायका आहेत, पुरुष आहेत. माणसं. यांच्यातल्या एकाचाही फोटो मी घातलेला नाही. कडेच्या माणसाला अप्पांसारखंच नाक आहे. त्याच्या शेजारची खुर्ची मोकळी आहे आणि त्याने तिच्यावर हात ठेवलाय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्ड चाललं म्हणून रेंडरही आता भराभर चाललाय. अप्पा दारातून आत आलेत. चालतायत.

सकाळी फोनवर अप्पा एकदम मजेत. म्हणाले, अंगात कसं हलकं वाटतंय. म्हणाले, तात्या येऊन गेला. तात्या म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझ्या जन्माआधी विहिरीत गेलेले. त्यांचा एकही फोटो घरात नाही. जागा धरून ठेवलीय म्हणत होता, असं अप्पा हसत हसत म्हणाले, जशी एसटीत रुमाल टाकून धरतात तशी. मागून आई विचारत होती, पांढरे कपडे कशाला काढलेत ट्रंकेतून?

मी काय करू?

बंद करता येत नाही. पूर्ण होऊ देता येत नाही. पाठवणी लावता येत नाही.

दुपारी सुचलं. कार्डाला खोटी ओळख चालते तर इथेही चालेल. फोटोची फाइल बदलायची, नाव तेच ठेवायचं. अप्पांच्या नावाखाली दुसरा चेहरा. ईश्वरीच्या वडिलांचा फोटो आला होता, आधी तोच टाकला, ते तर गेलेलेच आहेत. काही उपयोग नाही. ते मागच्या रांगेत बसलेले दिसले, आणि चालत येणारे अप्पाच. आलेल्याला परत काय बोलावणार? त्यांना न आलेला माणूस हवाय.

जिवंत.

हार्ड डिस्कवर शेकडो लग्नं आहेत. हजारो चेहरे. जेवणाच्या पंगतीतले, वरातीत नाचणारे. मी एक उघडलासुद्धा. कोण कुठला माणूस, दारू पिऊन नाचतोय, नवरीच्या बापावर खेकसतोय. मनात म्हटलं, याला कोण रडणार? माउस त्याच्यावर होता. मग कोणीतरी छोटी मुलगी धावत आली आणि त्याच्या पायाला मिठी मारली. मी ती फाइल बंद केली.

माझा एकटीचा धड फोटोच नाही. सगळ्यांचे फोटो काढणाऱ्याचे कोण काढतो? दसऱ्याचा अप्पांबरोबरचा एक सापडला. अप्पांना कापलं, मला ठेवलं. घाईघाईत केलं, अप्पा तिकडे खुर्चीपर्यंत पोहोचले होते. फाइलला त्यांचं नाव दिलं. टाकली.

क्षणभर पडदा थरथरला. मांडवाच्या दारात मी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अप्पा ठणठणीत. आईशी भांडले, भाजीत मीठ नाही म्हणून. देवा, किती गोड भांडण! पांढरे कपडे ट्रंकेत गेले. तात्याचं विचारलं तर म्हणे, कोण तात्या, स्वप्नबिप्न पडलं असेल.

उद्या दोघं मला भेटायला येतायत. मी नको म्हटलं. अप्पा म्हणाले, पोरीचा आवाज बरोबर येत नाही, बघून येतो, फुकटचा पास आहे माझा. कळंबोलीला उतरतील. नंदूदादांना आणायला सांगितलं.

भूक नाही. पायऱ्या चढताना पाय लागल्यासारखे वाटत नाहीत. भीती वाटते. खूप वाटते, खोटं कशाला लिहू? मला मरायचं नाही. मी आत्ता तर आले इथे.

पण अप्पा भाजीवरून भांडले.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

दादा हळदीच्या मांडवात गेलेत. ईश्वरीला सांगितलं, व्हिडिओ होणार नाही. शिव्या खाल्ल्या. ठीक.

आई फोनवर. गाडी साताऱ्याच्या पुढे आली. अप्पा कंडक्टरला तिकीट फाडायला शिकवतायत.

पडद्यावर मी चालतेय. तात्यांचा हात अजून खुर्चीवर—

दुपार

काहीतरी चुकलंय.

माझ्या खांद्यावर एक हात आहे. पडद्यावरच्या माझ्या. डाव्या खांद्यावर. फोटो कापताना राहिला. अप्पांनी दसऱ्याला खांद्यावर ठेवला होता तो. बोटं फक्त. मी नीट पाहिलं नाही — घाई होती —

बोटं होती फक्त. आता मनगट आहे.

मशीन अर्धवट काही ठेवत नाही. फोटोत जे कमी असतं ते आपल्या मनाने भरतं. त्यासाठीच तर ते —

कोपर आलं.

फाइल बदलायला गेले. घेत नाही. एकदा घेतली, आता घेत नाही. दुसरी, तिसरी — घेत नाही —

आईचा फोन. घाटात आहेत. अप्पा झोपलेत म्हणते. झोपेत हसतायत. एक हात वर उचललाय, पुढच्या सीटच्या वर, हवेत. कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. ती खाली घ्यायला गेली तर खाली येत नाही म्हणते. हात गार आहे, घट्ट धरून बसलेय म्हणते —

आई, उठव त्यांना. उठव. पाणी मार —

उठत नाहीत.

प्लग काढला. यूपीएस काढला. दोन्ही काढले. पडदा चालूच —

टोपी दिसतेय माझ्या मागे. मिशा.

अप्पा, हात सोडा. अहो सोडा ना. मी बरी जाते एकटी. अप्पा, तुमच्या पाया पडते, सोडा हात —

ते ऐकत नाहीत. कधी ऐकलंय? आवळून धरलाय. आता इथेही लागतोय, माझ्या खांद्याला, खरा, गरम —

आई फोनवर ओरडतेय. ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगतेय. मला हाक मारतेय, अस्मे, तू तरी बोल. तू तरी —

लिहून होईल तेवढं — आईसाठी — आई, तू इथे येऊ नकोस, या खोलीत येऊ नकोस, पडद्याकडे बघू नको —

तात्या उठले. शेजारची बाईपण उठली. खुर्च्या सरकवतायत. एक मोकळी होती, आता दोन —

नाही. तिसरी पण ओढली. तिसरी कोणाला? आई, त्यांचा हात सोड, फोन ठेव, माझं नाव घेऊ नकोस, मागे येऊ नकोस, आई, फोन ठे